विजापूर फिरायचं कसं: पूर्वेकडून पश्चिमेकडे, उन्हाचा अंदाज घेत

विजापूर बघून परतलेल्यांची तक्रार बहुतेक वेळा एकसारखीच असते. गोल घुमटात पोरांचा कल्ला होता, म्हणून तिथला प्रतिध्वनी काही ऐकू आला नाही. इब्राहिम रोझा हा मकबरा भर दुपारी बघितला, फरशी तापलेली होती. बाकीचं रिक्षावाल्यानं रिक्षातूनच दाखवलं. वास्तू चुकीच्या क्रमानं, चुकीच्या वेळी पाहिल्या की असंच होतं. तसं गाव फिरायला सोपं आहे. तटाच्या आतलं जुनं शहर पूर्व-पश्चिम लांबट पसरलेलं आहे. पूर्वेच्या टोकाला गोल घुमट, मधोमध अरकिल्ला, म्हणजे बालेकिल्ला, आणि पश्चिमेला तटाबाहेर इब्राहिम रोझा. या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम पाच किलोमीटर. सकाळी पूर्वेकडून निघायचं आणि संध्याकाळी पश्चिमेला पोचायचं, एवढं धरून चाललात तर एकच रस्ता दोनदा तुडवावा लागत नाही.

पोचायचं कसं

आधी नावाचा घोळ निस्तरून घ्या. 2014 पासून शहराचं अधिकृत नाव विजयपुरा आहे. रेल्वेच्या तिकिटावर तेच येतं, स्थानकाचा कोड मात्र जुन्याच नावावरचा, बीजेपी. नकाशात किंवा हॉटेलच्या अ‍ॅपवर नुसतं ‘विजयपुरा’ टाकलंत तर बंगळूरजवळचं त्याच नावाचं गाव येऊ शकतं आणि ‘बिजापूर’ टाकलंत तर छत्तीसगडमधला जिल्हा. खोलीचे पैसे भरण्यापूर्वी नकाशात गोल घुमट जवळ दिसतोय ना, एवढं बघा.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांना सोलापूर हा सोयीचा टप्पा. तिथून राष्ट्रीय महामार्ग 52 ने सुमारे शंभर किलोमीटर, भीमा ओलांडली की कर्नाटक. एसटी आणि कर्नाटकच्या गाड्या दिवसभर असतात. दोन ते अडीच तास धरा. मिरज-सांगलीकडच्यांना जतवरून येणारा रस्ता जवळचा. मुंबई सीएसएमटीहून गदग-होसपेटकडे जाणारी गाडी पुणे-सोलापूरवरून येते. रात्री बसलात की सकाळी विजापूर. पंढरपूर-म्हैसूर धावणाऱ्या गाडीचं तर नावच गोलगुंबज एक्स्प्रेस आहे. वेळा बदलत राहतात, तेव्हा तिकीट काढताना परतीची वेळही त्याच बैठकीत बघून ठेवा. या मार्गावर गाड्या मोजक्याच आहेत. एक चुकली की पर्याय बहुधा सोलापूरची बस हाच उरतो.

रेल्वे स्थानक गोल घुमटाच्या पूर्वेला, साधारण किलोमीटरभरावर आहे. मध्यवर्ती बसस्थानक गावाच्या मध्याला, अरकिल्ल्याच्या नैर्ऋत्येला. या एका फरकावरून मुक्काम कुठे करायचा हे ठरवता येतं. पहाटे गोल घुमटाला चालत जायचं असेल तर स्टेशन रोडवरचं लॉज बरं. रात्री उशिरा बसनं उतरणार असाल तर गांधी चौक किंवा बसस्थानकाच्या परिसरात राहा. कर्नाटक पर्यटन महामंडळाचं मयुरा आदिलशाही हॉटेल मध्यभागी पडतं, आवार मोकळं आहे. खोली घेताना ती रस्त्याकडे आहे की मागे, हे विचारा. बसस्थानकाजवळच्या रस्त्याकडच्या खोल्यांत पहाटेपासून भोंगे ऐकू येतात.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि इथल्या वास्तूंभोवती झाडांपेक्षा दगडच जास्त. थंडीत एकच आठवडा टाळण्यासारखा आहे, संक्रांतीचा. त्या वेळी गावात सिद्धेश्वराची जत्रा भरते, लॉज भरतात आणि भाव चढतात. सोलापुरातही नेमकी त्याच दिवसांत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा असते, त्यामुळे वाटेतसुद्धा गर्दी लागते. जत्राच बघायची असेल तर गोष्ट वेगळी.

गावात फिरायची साधनं

रिक्षा मुबलक आहेत, पण मीटरचा भरवसा धरू नका. बसण्याआधी भाडं ठरवायचं. ‘सगळे पॉइंट दाखवतो’ असं कोणी म्हणालं की कुठले, ते एकेक नाव घेऊन मोजून घ्या. या ‘सगळ्या’त शिवगिरी हमखास असते. तिथली शिवाची 85 फुटी मूर्ती गावाबाहेर सिंदगी रस्त्यावर आहे आणि जाऊन-येऊन तासभर मोडतो. भाविक असाल तर जरूर जा, पण मग जोड गुंबजाच्या कबरी किंवा ताज बावडी ही विहीर यातून काहीतरी गळणार हे धरून चला. अर्ध्या दिवसासाठी रिक्षा करताना तीन गोष्टी आधीच बोलून घ्या: थांबण्याचे पैसे धरून आकडा किती, प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबणार, आणि पैसे शेवटी. पहिल्या ठिकाणी उतरताना ‘अर्धे द्या, पेट्रोल भरतो’ असं होऊ शकतं. दिलेत तर रिक्षा परत मिळेपर्यंत जिवाला घोर. आकड्याचा अंदाज नसेल तर लॉजच्या काउंटरवर आणि दोन वेगवेगळ्या रिक्षावाल्यांना विचारा. तिघांच्या मधला आकडा बहुधा रास्त असतो.

ठरलेल्या रस्त्यावर शेअर रिक्षा, म्हणजे टमटम, चालतात. स्टेशनपासून गांधी चौक, बसस्थानक असा सरळ रस्ता त्यांना सोयीचा, आणि तुमचाही मार्ग तोच. हात दाखवायचा, पुढच्या चौकाचं नाव सांगायचं, सुट्टे पैसे तयार ठेवायचे. टांगे पूर्वी या गावाची ओळख होते, आता कमी झालेत. मिळाला तर गोल घुमट ते जामा मशीद एवढ्या टप्प्यापुरता घ्या. पूर्ण दिवसासाठी नको. ऊन, घोडा आणि तुमचं वेळापत्रक या तिघांचं जमत नाही.

सिटी बसही आहेत. पण गावातल्या आणि जिल्ह्यातल्या गाड्यांवरच्या पाट्या कन्नडमध्ये असतात, तेव्हा वाहकाला विचारूनच चढा. ‘कर्नाटकात बायकांना एसटी फुकट’ हे ऐकून येणाऱ्या भगिनींसाठी एक खुलासा. 2023 ची ती शक्ती योजना कर्नाटकच्या रहिवासी महिलांसाठी आहे आणि ओळखपत्रावर कर्नाटकचा पत्ता लागतो. महाराष्ट्राच्या आधार कार्डावर पूर्ण तिकीट पडतं. त्या योजनेमुळे साध्या गाड्यांना गर्दीही वाढली आहे. सामान घेऊन चढायचं असेल तर मधल्या थांब्याऐवजी स्थानकातूनच बसा.

स्वतःच्या गाडीनं आलात तर गोल घुमट आणि इब्राहिम रोझा इथे गाडी लावायला जागा मिळते. जामा मशिदीच्या आसपासच्या गल्ल्यांत मात्र मोटार घालू नका. आत शिरणं सोपं, समोरून भाजीची गाडी आली की मागे घेणं अवघड. गाडी लॉजवर ठेवून मधला सगळा भाग पायी आणि टमटमनं करा.

भाषेची अडचण येत नाही. दुकानदार, रिक्षावाले दख्खनी वळणाचं हिंदी बोलतात आणि बाजारपेठेत मराठी समजणारे पुष्कळ. तरी दोन-चार कन्नड शब्द जवळ असू द्या. ‘एष्टरी?’ म्हणजे किती हो? ‘ब्याडरी’ म्हणजे नको हो. ‘इल्ले निल्सरी’ म्हणजे इथेच थांबवा. शेवटचा तो ‘री’ विसरू नका, तो आपल्या ‘हो’, ‘अहो’सारखा आदर दाखवतो. गोल घुमटाला इथे ‘गोळगुम्मट’ म्हणतात.

गोल घुमट: दार उघडतं तेव्हाच

सकाळी सहाला दार उघडतं. सहा म्हणजे सहाच, ‘नाश्ता करून जाऊ’ नाही. साडेआठ-नऊला शाळांच्या सहली येऊ लागतात आणि डिसेंबर-जानेवारीत तर ओळीनं बसगाड्या लागलेल्या असतात. वरच्या सज्जात चाळीस मुलं एकदम ओरडली की त्या जागेची खुबी तुम्हाला कळणं शक्यच नाही. नऊच्या पुढे गेलात तर इमारत बघाल, आवाज नाही.

तिकीट पुरातत्त्व खात्याचं आहे, भारतीयांना वीस-पंचवीस रुपये. दारावरचा कोड मोबाइलवर स्कॅन करून काढलं तर जरा स्वस्त पडतं, पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. पहाटे नेट रखडतं म्हणून तिकीट आदल्या रात्रीच काढून फोनमध्ये ठेवलेलं बरं. समोरच्या नगारखान्यात संग्रहालय आहे. तिथे शिलालेख, शस्त्रं, गालिचे आहेत. ते शुक्रवारी बंद असतं आणि उघडतंही उशिरा. सहाला आलात तर ते नंतरसाठी राखा किंवा सोडून द्या. एकाच दिवसात सगळं करायचं असेल तर सोडण्यात फार काही बिघडत नाही.

आत शिरल्यावर लगेच जिन्याकडे धावू नका. पाच मिनिटं खाली थांबून वर बघा. महंमद आदिलशहाचा हा मकबरा, तो 1656 मध्ये वारला तेव्हाचा. आतली खोली एकेका बाजूला सुमारे 41 मीटर, आणि त्या अवाढव्य चौकोनावर बाहेरून 44 मीटर व्यासाचा घुमट बसवलेला. मध्ये खांब एकही नाही. हे तोललंय कसं, ते कोपऱ्यांकडे बघितलं की उमगतं. एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी चौकोनाचे कोपरे कापत वर जातात आणि वरती घुमटाला गोल बैठक तयार करून देतात. सज्जा त्याच बैठकीवर आहे. मधल्या चौथऱ्यावरच्या कबरी नुसत्या खुणेच्या, खऱ्या कबरी खाली तळघरात.

वर जायला कोपऱ्यातल्या सात मजली अष्टकोनी मनोऱ्यातून जिना आहे. अरुंद, अंधारा, पायऱ्या उंच आणि काही झिजलेल्या. चढणारे आणि उतरणारे याच वाटेनं, त्यामुळे गर्दीत समोरासमोर अडकायला होतं. सहाला जाण्याचं हे आणखी एक कारण. गुडघे दुखणाऱ्यांनी प्रत्येक मजल्यावरच्या खिडकीपाशी थांबत जावं. तिथे वारा येतो आणि मागच्यांना वाटही मिळते. बंदिस्त जागेत घाबरायला होत असेल तर वर न जाता खालचा घुमट बघून बागेत बसणं उत्तम. अर्ध्यातून परत फिरणं चढण्यापेक्षा कठीण पडतं. पाठीवरची मोठी पिशवी खालीच कोणाकडे तरी द्या. मोबाइलचा टॉर्च चढताना नाही, उतरताना लागतो.

जिना संपला की गच्ची. उगवतीच्या उन्हात सारं विजापूर खाली पसरलेलं दिसतं. पश्चिमेकडे नजर टाका आणि दिवसभराचा रस्ता इथेच ओळखून ठेवा: जवळ जामा मशिदीचा घुमट, त्यापलीकडे अरकिल्ल्याची झाडी आणि लांबवर इब्राहिम रोझाचे मनोरे. मग लहान दारातून घुमटाच्या आत सज्जात शिरा.

सज्जा सव्वातीन मीटरच्या आसपास रुंद आहे. दोघंजण असाल तर एकानं दाराशी थांबायचं, दुसऱ्यानं चालत बरोबर समोरच्या बाजूला जायचं. दोघांमध्ये 37-38 मीटर अंतर राहतं. इथे बहुतेकांचं चुकतं. ते कठड्याशी उभे राहून मधल्या पोकळीत ओरडतात. तसं करू नका. भिंतीकडे तोंड करा, गाल भिंतीला लागेल इतके जवळ जा आणि अगदी हळू, कानात सांगितल्यासारखं बोला. समोरच्यानं कान भिंतीशी ठेवायचा. बाकदार भिंत आवाजाला पोकळीत विरू देत नाही, भिंतीच्या कडेकडेनं तो पलीकडे जातो. म्हणूनच कुजबुज स्पष्ट पोचते आणि आरोळीचा नुसता गोंगाट होतो. कागद चुरगळून बघा, तेही ऐकू येतं. प्रतिध्वनी हा वेगळा प्रकार. त्यासाठी कठड्याजवळ या आणि एकच टाळी वाजवा, मग गप्प राहा. आवाज समोरच्या वक्र पृष्ठभागावर आपटून पुन्हा पुन्हा येत राहतो, सात-आठ वेळा तरी मोजता येतो. लागोपाठ टाळ्या वाजवल्या तर एकात एक मिसळून काहीच मोजता येत नाही. कठडा लहान मुलांच्या दृष्टीनं धोक्याचा आहे. मुलांचा हात धरूनच ठेवा.

हे सगळं नीट करायला दीड तास पुरतो, आठपर्यंत खाली या. स्वच्छतागृह आवारातच उरकून घ्या, पुढची सोय थेट बसस्थानकाकडे. नाश्त्याला स्टेशन रोडवर इडली-वडा, सुसला, मिरची भजी, सगळं मिळतं.

जामा मशीद ते बारा कमान: हा भाग पायी

गोल घुमटापासून जामा मशीद नैर्ऋत्येला किलोमीटरभर. पहिल्या अली आदिलशहाच्या काळात, 1565 च्या तालिकोट लढाईनंतरच्या वर्षांत ती बांधायला घेतली. प्रार्थनेची जागा आहे, चपला बाहेर काढायच्या, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. शुक्रवारी दुपारी जाऊ नका. फरशीवर आखलेले नमाजाचे चौकोन बघा, ते औरंगजेबानं करून घेतले. सोनेरी मेहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा, पडद्याआड असेल तर तिथल्या सेवकाला शांतपणे विचारा. सकाळी नऊपर्यंत आतल्या कमानींच्या रांगांतून तिरकं ऊन येतं. पुढे ते वर सरकतं आणि आतला भाग सपाट, अंधारा वाटू लागतो.

तिथून अरकिल्ल्याकडे जाताना वाटेत मेहतर महाल आहे. तो महाल नव्हे, एका मशिदीचं प्रवेशद्वार. शोधताना मोठी इमारत शोधू नका, नाहीतर समोरून निघून जाल. रस्त्याच्या कडेला एक अरुंद, उंच बांधकाम आणि त्याला पुढे आलेला सज्जा. थांबायचं ते त्या सज्जाखालच्या दगडी तिरप्या टेकूंसाठी. लाकडात करावं तसं पातळ, जाळीदार काम दगडात केलंय. दहा मिनिटं.

पुढे आसार महाल. समोर मोठा हौद आणि दर्शनी भागात छताला पेलणारे उंच लाकडी खांब. दाद महाल म्हणून, म्हणजे न्यायकचेरीसाठी, तो 1646 च्या सुमारास बांधला. मग पैगंबरांचे अवशेष ठेवल्यावर त्याला हे नाव पडलं. आत बायकांना प्रवेश नाही. तेव्हा कुटुंबासह असाल तर कोणाला बाहेर ताटकळत ठेवण्यापेक्षा सगळ्यांनी हौदाकडून दर्शनी भाग बघून पुढे निघालेलं बरं.

अरकिल्ला म्हणजे शहराच्या पोटातला बालेकिल्ला. त्याचा तट बराचसा गेला, खंदक राहिलाय. जुन्या वास्तूंत आणि त्यांच्या आसपास आता सरकारी कचेऱ्या आहेत, त्यामुळे बागेत हिंडल्यासारखं हिंडता येतं, मात्र पाट्या अपुऱ्या. गगन महालाची खूण म्हणजे तीन कमानी, मधली प्रचंड आणि बाजूच्या दोन निमुळत्या. 1561 च्या सुमाराचा हा दरबार. 1686 मध्ये विजापूर पडलं तेव्हा शेवटचा सुलतान सिकंदर औरंगजेबापुढे हजर झाला तो इथेच, असं सांगतात. छप्पर कधीच गेलंय. जवळच सात मंजिलचे अवशेष आणि समोर जल मंजिल हा नाजूक मंडप. खंदकाकाठी पिंपळाखाली नरसोबाचं देऊळ आहे. दत्तसंप्रदायातल्या मराठी मंडळींना बाजूचे लोक आपण होऊन वाट दाखवतात.

बारा कमान इथून पायी पाच-सात मिनिटांवर. दुसऱ्या अली आदिलशहाची ही कबर अर्धवटच राहिली. काळ्या दगडाच्या नुसत्या कमानी उभ्या, वर आकाश. फोटोसाठी सगळे मधोमध उभे राहतात. त्याऐवजी कोपऱ्यात जा, कमानींच्या रांगा एकीमागे एक दिसतात. एव्हाना बारा वाजत आलेले असतात आणि खरं सांगायचं तर या गावात बारा ते साडेतीन बाहेर राहण्यात अर्थ नाही.

दुपार

जेवायला खानावळ शोधा. ज्वारीची भाकरी, वांग्याचं एण्णेगाई (भरलं वांगं), शेंगदाण्याची चटणी, दही, वर उसळ. भाकरी कडक हवी की मऊ ते आधी सांगा, दोन्ही मिळतात. कडक रोट्टी प्रवासात टिकते, म्हणून पुष्कळजण ती आणि शेंगाचटणी बांधून घेतात. गांधी चौक ते बसस्थानक या पट्ट्यात खानावळी आहेत. दीडनंतर गर्दी ओसरते, पण भाजीही संपत येते. जेवून लॉजवर पडा. खोली सोडलेली असेल तर सामान काउंटरवर ठेवू देतात का, हे सकाळी निघतानाच विचारून ठेवा.

पश्चिमेकडचा भाग: साडेतीननंतर

इथून पुढे अंतरं वाढतात. रिक्षा करायची तर या टप्प्यासाठी करा, सकाळसाठी नको. क्रम असा ठेवा: ताज बावडी, जोड गुंबज, इब्राहिम रोझा, मुलूखमैदान तोफ, उपली बुरूज. रिक्षावाला उलटा क्रम सुचवेल, कारण बुरूज आणि तोफ गावाकडून आधी लागतात. त्याला सांगा, शेवटी बुरुजावर सोड आणि जा. तिथून बसस्थानकाकडे टमटम मिळते, त्यामुळे परतीचं भाडंही वाचतं.

ताज बावडी 1620 ची. कमानीखालून जाऊन वरून बघायची, पाण्याकडे उतरायची सोय असेलच असं नाही. जोड गुंबज म्हणजे शेजारी शेजारी दोन कबरी. स्थानिक लोक इथे दर्गा म्हणून येतात, गुरुवारी गर्दी असते. दोन्ही मिळून अर्धा तास.

इब्राहिम रोझासाठी मात्र तास राखून ठेवा. दुसरा इब्राहिम आदिलशहा 1627 मध्ये वारला. ही त्याची आणि त्याच्या कुटुंबाची कबर, मूळ योजना राणी ताज सुलतानासाठी होती असं सांगतात. मलिक संदल हा या वास्तूचा स्थपती. एकाच उंच चौथऱ्यावर समोरासमोर दोन इमारती, पूर्वेला कबर आणि पश्चिमेला मशीद, मध्ये हौद. कबरीची जी बाजू मशिदीकडे आहे तिच्यावर दुपारनंतरचं ऊन पडतं. म्हणूनच इथे चारनंतर यायचं, सकाळी हीच बाजू सावलीत असते. भिंतींवरची अक्षरं तिरक्या उन्हातच उठून दिसतात. खिडक्यांच्या जाळ्यांपाशी थांबा. तिथली भोकं नुसती नक्षी नाहीत, अरबी अक्षरांच्या मधली जागा कोरून काढलेली आहे, म्हणजे मजकूर हीच जाळी. आतून बघितलं की अक्षरं काळी आणि मधला उजेड पांढरा दिसतो. आत गेलात की छत बघायला विसरू नका. खांबांशिवाय, जवळजवळ सपाट, दगडी लाद्या एकमेकींना धरून लटकल्यासारख्या. चौथऱ्यावर अनवाणी चालावं लागलं तर उन्हाळ्यात पाय भाजतात. पिशवीत जाड मोजे असू द्या.

गोल घुमट आणि इब्राहिम रोझा यांची तिकिटं वेगवेगळी लागतात. एकाचं दुसरीकडे चालत नाही. दोन्हीकडे संध्याकाळी सहाला बंद, आणि शेवटच्या अर्ध्या तासात रखवालदार शिट्ट्या मारत बाहेर काढू लागतो.

पाचच्या सुमाराला तिथून निघून तटावरच्या शेर्झी बुरुजावर या. मुलूखमैदान तोफ इथे आहे. 1549 मध्ये ती अहमदनगरला ओतली, परांड्याच्या किल्ल्यातून 1632 मध्ये विजापुरात आणली. लांबी साडेचार मीटरच्या आत, पण वजन 55 टनांच्या घरात. तोंड सिंहाचं आणि त्याच्या दाढांत चिरडलेला हत्ती. बहुतेक जण मागून बघून परततात, म्हणून मुद्दाम पुढे जा. बाहेर उन्हात राहूनही धातू हाताला थंड लागतो, असं सगळे सांगतात. 1854 मध्ये हिला लिलावात दीडशे रुपयांची बोली आली होती. सुदैवानं ती मंजूर झाली नाही.

उपली बुरूज तिथून हाकेच्या अंतरावर, तटाच्या आत. सुमारे 24 मीटर उंच, गोल, पायऱ्या बाहेरून वळसा घालत वर जातात. बाहेरच्या बाजूला आधार कमी आहे. पावसाळ्यात किंवा चप्पल घसरती असेल तर भिंतीकडूनच चढा, आणि लहान मूल कडेवर घेऊन नको. हैदर खानानं तो 1584 मध्ये बांधला. वर दोन लांब तोफा. सकाळी गोल घुमटावरून ज्या दिशेला बघितलं होतं तिकडून आता उलट गोल घुमट दिसतो. अंधार पडण्याआधी खाली या, पायऱ्यांवर दिवे नाहीत असंच धरून चला.

सकाळच्या गाडीनं आठ-नऊला पोचणार असाल तर

गोल घुमट त्या दिवशी सोडून द्या. सामान टाकून थेट जामा मशिदीपासून सुरू करा, संध्याकाळपर्यंत पश्चिम संपवा, रात्री मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी सहाला गोल घुमट. दहापर्यंत सोलापूरची बस पकडता येते. मुक्कामच करायचा नसेल तर संध्याकाळी साडेचारला गोल घुमट करा. त्या वेळी सहली बऱ्याचशा परतलेल्या असतात, मात्र रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी हे गणित चालत नाही.

दुसरा दिवस हाताशी असेल तर पश्चिमेला तोरवी-नवरसपूर हा जुन्या अवशेषांचा भाग करता येतो. वाटेत साठ कबर नावानं ओळखला जाणारा कबरींचा चौथरा आहे. प्रतापगडाकडे निघण्याआधी अफझलखानानं आपल्या बायकांना मारलं, त्यांच्या या कबरी, अशी आख्यायिका. मराठी पर्यटक हमखास विचारतात, पण जागा एकाकी, वाट कच्ची आणि पाटी धड नाही. परतीला रिक्षा मिळत नाही, म्हणून नेलेली रिक्षा तिथून सोडू नका आणि दिवसाउजेडीच जाऊन या. बसवण्णांचं जन्मगाव बसवन बागेवाडी 43 किलोमीटरवर, जिल्ह्याच्या बसनं जमतं. बदामी-ऐहोळ मात्र याच दिवसात कोंबू नका, तिकडे मुक्कामासकट वेगळा बेत लागतो.

परतीची बस सोलापूरची असेल तर फलाटावर पाटी शोधत बसण्यापेक्षा चौकशी खिडकीवर ‘सोलापूर, पुढची कधी’ एवढं विचारा. रात्री उशिराच्या गाड्या लांब पल्ल्याच्या असतात आणि भरून येतात, सोलापूरपुरत्या उतारूला जागा मिळेलच असं नाही. साडेसात-आठच्या आत स्थानकात असलात म्हणजे पुरे.